उतारवयांतील डोळे आणि विम्याचा करार

मराठी भाषेनें मनुष्याच्या डोळ्यांविषयींचें एक निरीक्षण एकाच शब्दांत सांठवून ठेविलें आहे. 'चाळिशी' म्हणजे वयाचें चाळिसावें वर्ष, आणि 'चाळिशी' म्हणजेच नाकावरचा चष्मा. तें वर्ष उलटलें कीं वर्तमानपत्र हात लांब करून धरावें लागतें, सुईंत दोरा ओंवतांना मुलांना हांक मारावी लागते, आणि एके दिवशीं घरांत चष्म्याची डबी येते. या चाळिशीचें कोणाला भय वाटत नाहीं. उलट तिची थट्टाच होते. परंतु साठीनंतर डोळ्यांत जे फेरफार होतात त्यांना भाषेंत असा खेळकर शब्द नाहीं. ते निमूटपणें होतात. आणि त्यांचा खर्च कोणीं सोसावयाचा, हा प्रश्न नेमका अशा वेळीं उभा राहतो कीं, ज्या वेळीं पगार बंद होऊन निवृत्तिवेतन किंवा पुंजीचें व्याज एवढाच आधार उरलेला असतो.

सुशिक्षित कुटुंबांत या प्रश्नाचें उत्तर बहुधा तयार असतें. "आरोग्यविमा उतरविलेला आहे," असें म्हणून घरांतील वडील माणूस निश्चिंत होतो. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. विमा डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च बहुधा देतो. डोळ्याच्या तपासणीचा बहुधा देत नाहीं. वरवर पाहतां हा भेद किरकोळ वाटतो, कारण शस्त्रक्रियेला हजारों रुपये लागतात आणि तपासणीचें काम शेंकड्यांत भागतें. पण डोळ्यांच्या कांहीं विकारांत सर्व महत्त्व तपासणीलाच असतें. ती वेळेवर झाली नाहीं, तर पुढें शस्त्रक्रियेलाही करण्यासारखें फारसें उरत नाहीं.

एक उदाहरण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं या. एका कचेरींतून निवृत्त झालेले, सासष्ट वर्षांचे एक गृहस्थ आहेत असें समजूं. मुलगा परगांवीं नोकरीला. घरीं पतिपत्नी दोघेंच. विम्याचा हप्ता ते मुदतीच्या आठ दिवस आधीं भरतात आणि पावत्या एका फाइलींत तारीखवार लावून ठेवितात. वर्षा-दोन वर्षांनीं चष्म्याच्या दुकानांत जाऊन नंबर बदलून आणतात. "एकदां डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या ना," असें पत्नीनें सुचविलें म्हणजे ते म्हणतात, "अगं, त्याचे पैसे कंपनी देत नाहीं. मोतीबिंदू पिकला म्हणजे जायचेंच आहे. तेव्हां सगळाच खर्च त्यांच्याकडून मिळेल." कागदावर हा हिशेब बरोबर जुळतो. पुढें केव्हां तरी त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागूं लागतो. रस्ता ओलांडतांना डाव्या बाजूनें येणारी सायकल अगदीं अंगावर येईतों दिसत नाहीं. मोतीबिंदू पिकला असावा अशा समजुतीनें ते रुग्णालयांत जातात. नेत्रवैद्य डोळ्यांतील दाब मोजतात, बाहुली मोठी करण्याचें औषध घालून आंत पाहतात, आणि सांगतात कीं, मोतीबिंदू आहे, पण तो बेताचा. खरा शत्रु काचबिंदू. आणि त्यानें दोन्ही डोळ्यांची बाजूची दृष्टि कित्येक वर्षांपासून थोडी थोडी नाहींशी केली आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यथाकाल होते. करारांत लिहिलेली रक्कम कंपनी चोख देते. कोणीं कोणाला फसविलेलें नसतें. गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. ती परत देण्याचें कलम कोणत्याच करारांत नसतें.

या उदाहरणांतील मर्म समजण्यासाठीं उतारवयांतील नेत्रविकारांचे स्वभाव थोडक्यांत पाहिले पाहिजेत. मोतीबिंदूंत डोळ्यांतील नैसर्गिक भिंग गढूळ होतें. खिडकीची कांच धुरकट व्हावी तसा हा प्रकार असून खोलीच्या आंतील सामान शाबूत असतें. कांच बदलली कीं उजेड पुन्हां येतो. १९४९ सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत हॅरोल्ड रिडले यांनीं मनुष्याच्या डोळ्यांत कृत्रिम भिंग प्रथम बसविलें, आणि तेव्हांपासून सुधारत गेलेली ही शस्त्रक्रिया आज कांहीं मिनिटांत आटोपते. म्हणून मोतीबिंदूला कांहीं महिने थांबावें लागलें तरी बहुधा गैरसोय होते, सर्वनाश होत नाहीं.

काचबिंदूचा स्वभाव याच्या अगदीं उलट आहे. त्यांत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतु हळूहळू झिजतो. पुष्कळदां डोळ्यांतील वाढलेला दाब त्याला कारण होतो. त्याच्या नेहमींच्या प्रकारांत डोळा दुखत नाहीं, लाल होत नाहीं, समोरचें अक्षर अंधुक होत नाहीं. दृष्टीचा परीघ तेवढा आंत आंत येतो, आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढीत असल्यामुळें रोग्याला त्याचा पत्ताही लागत नाहीं. जो तंतु मेला तो मेला. थेंबांचें औषध, लेसर अथवा शस्त्रक्रिया यांनीं उरलेलें राखतां येतें, गेलेलें मिळवितां येत नाहीं. मधुमेहानें नेत्रपटलावरील बारीक रक्तवाहिन्यांना जो अपाय होतो, त्याचीही सुरुवात अशीच निमूट असते. नेत्रपटलाच्या मध्यबिंदूची वार्धक्यामुळें होणारी झीज हा चौथा विकार. त्याच्या एका प्रकारांत डोळ्यांत औषधाचीं इंजेक्शनें वेळेवर दिल्यास दृष्टि पुष्कळ अंशीं टिकते. या चार विकारांपैकीं एक मोतीबिंदू सोडला, तर बाकीचे प्रारंभीं रोग्याला बहुधा जाणवतच नाहींत. ते तपासणाऱ्यालाच दिसतात.

आतां विम्याच्या कराराकडे वळूं. आपल्याकडील नेहमींचा आरोग्यविमा हा रुग्णालयांत दाखल होण्याच्या कल्पनेवर उभारलेला आहे. निदान २४ तास रुग्णालयांत राहावें, तर खर्च मिळावा, हें त्याचें मूळ सूत्र. ज्या शस्त्रक्रिया आतां एका दिवसाच्या आंत उरकतात त्यांना या अटींतून सूट दिलेली असते, आणि मोतीबिंदू त्यांत मोडतो. परंतु नुसतें डॉक्टरांना दाखवून घरीं परतणें, ही गोष्ट निराळें कलम विकत घेतलें नसेल तर कराराबाहेर राहते. चष्म्याची किंमत सामान्यतः मिळत नाहीं. दृष्टिदोष ७.५ डायॉप्टरहून कमी असेल तर तो घालविण्याच्या उपचाराचा खर्चही वगळलेला असतो.

सर्व कंपन्यांनीं एकाच नमुन्याबरहुकूम द्यावी अशी 'आरोग्य संजीवनी' नांवाची पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून सुरू झाली. तिचीं कलमें वाचलीं म्हणजे हा सर्व प्रकार स्पष्ट होतो. मोतीबिंदूसाठीं पॉलिसी घेतल्यापासून २४ महिने थांबावें लागतें. त्यानंतर एका डोळ्यास विम्याच्या रकमेचा चौथा हिस्सा किंवा ४०,००० रुपये, यांपैकीं जें कमी असेल तें मिळतें. म्हणजे विमा एक लाखाचा असेल तर २५,००० रुपये. दोन लाखांचा असो वा पांच लाखांचा, ४०,००० रुपयांच्या वर नाहीं. दूरचें व जवळचें दोन्ही दाखविणारें महाग भिंग बसविलें, तर वरचा फरक खिशांतूनच जावयाचा. डोळ्यांतील इंजेक्शनांचा समावेश या पॉलिसींत आहे, पण त्यांनाही विम्याच्या रकमेच्या निम्म्याची मर्यादा आहे. आणि एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेच्या आधींच्या ३० दिवसांत तिच्याच निमित्तानें केलेल्या तपासणीचा खर्च करारांत बसतो. पण ज्या तपासणीमुळें शस्त्रक्रियेची पाळीच आली नाहीं, तिचा बसत नाहीं! डोळा बिघडल्याचें जी तपासणी सांगते तिला मोल आहे. डोळा वांचविते तिला नाहीं.

यांत विमाकंपन्यांचा दुष्टपणा आहे असें समजणें अन्यायाचें होईल. विम्याचें शास्त्र अनिश्चिततेवर उभें आहे. आग एखाद्याच घराला लागते, म्हणून सर्व घरमालकांनीं थोडें थोडें द्यावें आणि ज्याचें घर जळेल त्याला भरपाई मिळावी. साठीनंतर चष्मा मात्र जवळजवळ प्रत्येकालाच लागतो. जो खर्च सर्वांच्या वांट्याला निश्चित येणार, त्याचा विमा म्हणजे स्वतःचेच पैसे दुसऱ्याच्या हातून, त्याचा मेहनताना वजा करून, परत घेणें होय. इथपर्यंत युक्तिवाद निर्दोष आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. चष्म्याचा नंबर काढणें आणि काचबिंदूचा शोध घेणें या दोन कामांना 'डोळ्यांची तपासणी' हें एकच नांव पडल्यामुळें, चष्म्याबरोबर रोगाचा शोधही निश्चित आणि किरकोळ खर्चांत जमा झाला. काचबिंदू हा सर्वांना होत नाहीं. तो आगीसारखाच अनिश्चित आहे, आणि तो वेळेवर सांपडणें ही आग ठिणगी असतांनाच विझविण्यासारखी गोष्ट आहे.

हा घोटाळा आपल्याच देशांत झाला असें नाहीं. ब्रिटनमध्यें ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हां डोळ्यांची तपासणी आणि चष्मा हीं दोन्ही विनामूल्य होतीं. लोकांची अशी रीघ लागली कीं सरकारचे सारे अंदाज चुकले. १९५१ सालीं चष्मे व कवळ्या यांवर आकार बसविण्याचें ठरलें, तेव्हां ही सेवा ज्यांनीं उभारली त्या अन्यूरिन बेव्हन यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९८९ सालीं तपासणीही सर्वांना फुकट राहिली नाहीं. पण पुढें दृष्टि पालटली. १९९९ पासून इंग्लंडमध्यें साठी गांठलेल्या प्रत्येकास तपासणी पुन्हां विनामूल्य झाली, आणि २००६ पासून स्कॉटलंडमध्यें ती सर्व वयांच्या रहिवाशांना मिळूं लागली. मधुमेही माणसें आणि काचबिंदूच्या रोग्यांचे चाळिशीपुढील सख्खे आप्त यांनाही इंग्लंडमध्यें ही सवलत आहे. चष्म्याचे पैसे द्यावे, पण डोळा दाखविण्यास कोणी पैशासाठीं अडूं नये, असा विवेक त्या देशानें पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर केला.

अमेरिकेची कथा अधिक बोधप्रद आहे. ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठीं 'मेडिकेअर' योजनेच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यांत नेहमींची डोळ्यांची तपासणी आणि चष्मे स्पष्टपणें वगळलेले होते, आणि ते आजही मुख्य योजनेच्या बाहेरच आहेत. अपवाद मात्र हळूहळू जोडले गेले. २००२ पासून काचबिंदूचा संभव ज्यांना अधिक, अशांची त्यासाठीं वर्षांतून एकदां तपासणी होते. मधुमेह असणाऱ्यांचें नेत्रपटल वर्षांतून एकदां पाहिलें जातें. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन भिंग बसविल्यावर चष्म्याची एक जोडी मिळते. या सेवांतही ठराविक रकमेनंतर खर्चाचा पांचवा हिस्सा सामान्यतः रोग्यानेंच द्यावयाचा असतो. खासगी कंपन्या मेडिकेअरच्या बदल्यांत ज्या योजना विकतात, त्यांतील पुष्कळांत तपासणी व चष्मा यांची कांहीं तरतूद असते. ही तरतूद मुख्य योजनेंतच आणण्याची सूचना २०२१ सालीं पुढें आली, पण ती तडीस गेली नाहीं. मुलाबाळांकडे कायमचे राहावयास गेलेले कित्येक मराठी आईबाप आज त्या देशांत आहेत. कायम वास्तव्याचा परवाना मिळून सलग पांच वर्षें राहिल्यावर पासष्ट वर्षांवरील माणसाला हप्ता भरून मेडिकेअर घेतां येतें. पण तें हातीं आलें म्हणजे चष्म्याची चिंता मिटली, ही समजूत त्यांनीं ठेवूं नये.

आपल्याकडे सरकारनें अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालीं हातीं घेतला. मोतीबिंदूच्या विनामूल्य शस्त्रक्रिया हा त्याचा कणा आहे, आणि त्यामुळें असंख्य गरीब वृद्धांना दृष्टि परत मिळाली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षें पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालतां, खुली झाली. तिच्यांत कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ज्यांचा खासगी विमा आहे त्यांनाही तिचें कार्ड काढतां येतें. मध्यमवर्गीय घरांतील पुष्कळ वृद्धांना, ही योजना आपल्यासाठीं नव्हे, असें अजून वाटतें. तो गैरसमज काढून टाकावा. परंतु तिचाही पाया रुग्णालयांतील उपचार हाच आहे. बाह्यरुग्ण म्हणून केलेली नेहमींची तपासणी तींत येत नाहीं. केंद्र सरकारच्या निवृत्त नोकरांची आरोग्ययोजना १९५४ पासून चालू आहे. तींत बाह्यरुग्णसेवा आहे, म्हणून ते या बाबतींत अधिक सुदैवी. इतरांच्या बाबतींत साठीनंतरची सालोसालची तपासणी ही स्वतःच्या खर्चानेंच करावयाची वस्तु आहे, हें एकदां मनानें मान्य केलें म्हणजे पुढचा मार्ग सोपा होतो.

येथें एका निवृत्त माणसाची आठवण होणें साहजिक आहे. मदुरेचे डॉक्टर गोविंदप्पा वेंकटस्वामी हे १९७६ सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, सरकारी नोकरींतून निवृत्त झाले. संधिवातानें त्यांच्या हातांचीं बोटें वांकडीं झालेलीं होतीं. त्याच वर्षीं त्यांनीं ११ खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय उघडलें. पैसे देणाऱ्या रोग्यांच्या उत्पन्नावर, न देणाऱ्यांवर मोफत उपचार करण्याची पद्धत त्यांनीं बसविली. परदेशी भिंगें महाग पडतात असें दिसल्यावर १९९२ सालीं संस्थेनें स्वतःचाच कारखाना काढला आणि भिंगाची किंमत सामान्यांच्या आवांक्यांत आणिली. रोगी आपण होऊन येईल अशी वाट न पाहतां खेड्यापाड्यांत शिबिरें भरवून डोळे तपासण्यावर त्यांच्या संस्थेनें नेहमीं भर दिला. मनुष्य दृष्टि गेल्यावर येतो, तपासणी त्याच्याकडे आधीं गेली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां गृहस्थाश्रमी माणसानें काय करावें? पहिली गोष्ट निवृत्तीच्या आधींची. नोकरीच्या ठिकाणचा सामुदायिक विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो, आणि त्यानंतर नवी पॉलिसी घेतली तर मोतीबिंदूसाठीं थांबण्याची मुदत तेथून मोजली जाते. म्हणून स्वतःची पॉलिसी पंचावन्नच्या सुमारास घ्यावी, म्हणजे साठीला ती मुदत सरलेली असेल. ज्यांना उशीर झाला त्यांनींही निराश होऊं नये. १ एप्रिल २०२४ पासून नव्या विम्यासाठीं पासष्ट वर्षांची मर्यादा उरलेली नाहीं. आधींपासून असलेल्या रोगासाठीं थांबण्याची मुदत जास्तींत जास्त तीन वर्षें झाली आहे. आणि व्यक्तिगत व कौटुंबिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. अर्जांत मधुमेह किंवा काचबिंदू लपवूं नये. लपविलेला रोग पैसे मागण्याच्या वेळीं हटकून बाहेर येतो.

दुसरी गोष्ट पॉलिसी घेतांना विचारावयाची. मोतीबिंदूसाठीं किती महिने थांबावयाचें, एका डोळ्यास किती रक्कम मिळणार, कोणत्या प्रकारच्या भिंगाचा खर्च धरलेला आहे, डोळ्यांतील इंजेक्शनांना मर्यादा काय, आणि बाह्यरुग्णतपासणीचें कलम किती अधिक हप्त्यांत मिळतें, हे पांच प्रश्न एजंटाला विचारून उत्तरें करारांत दाखवून घ्यावीं. बाह्यरुग्णकलमाचा वाढीव हप्ता हा तपासणीच्या वर्षाच्या खर्चाहून अधिक होत असेल, तर तें कलम सोडून तेवढे पैसे निराळे बाजूला ठेवणें शहाणपणाचें.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची. चष्म्याच्या दुकानांत यंत्रावर नंबर निघतो, डोळ्याच्या आंतील अवस्था कळत नाहीं. ती कळण्यासाठीं नेत्रवैद्याकडून दाब मोजवून, बाहुली मोठी करून मज्जातंतु व नेत्रपटल पाहवून घ्यावें लागतें. साठीनंतर हें वर्षांतून एकदां व्हावें. मधुमेह असेल, किंवा आईवडील अथवा भावंडें यांपैकीं कोणाला काचबिंदू असेल, तर साठीची वाट पाहूं नये. डोळे चुरचुरतात म्हणून औषधाच्या दुकानांतून परस्पर आणलेले थेंब महिनेच्या महिने घालीत राहणें धोक्याचें आहे. त्यांत स्टेरॉइड असल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू उद्भवूं शकतो.

ही तपासणी विसरली जाते याचें कारण तिची आठवण देणारें कोणी नसतें. विम्याच्या हप्त्याचें तसें नाहीं. त्याची सूचना येते, मुदत असते, आणि चुकल्यास नुकसानीचें भय असतें. तेव्हां ज्या आठवड्यांत हप्ता भरावयाचा, त्याच आठवड्यांत पतिपत्नींनीं डोळे तपासून घ्यावे. आरंभीं कल्पिलेल्या त्या गृहस्थांच्या फाइलींत पावत्या तारीखवार लावलेल्या होत्या. प्रत्येक पावतीमागें नेत्रवैद्याचा एक एक कागद लावलेला असता, तर काचबिंदू त्यांतल्या पहिल्या-दुसऱ्या कागदावरच सांपडण्याचा पुष्कळ संभव होता, आणि एका थेंबाच्या बाटलीवर त्यांची बाजूची दृष्टि बहुतेक टिकली असती. पावती कंपनीसाठीं जपावी आणि तो कागद स्वतःसाठीं.